हॉब्सनच्या तबेल्यात ना आड ना विहीर

प्रश्न असा आला आहे : बदली घ्यावी तर घरी म्हाताऱ्या आईला बघणारं कोणी नाही, नाकारावी तर बढती जाते. ही 'इकडे आड तिकडे विहीर' साहेबांना इंग्रजीत कळवताना 'हॉब्सन्स चॉइस' लिहिलं तर चालेल का?

नाही चालणार. पेचप्रसंगाला हा वाक्प्रचार चिकटवलेला मी इतक्यांदा ऐकलाय, की आता राग येतो. पेचात वाटा दोन, आणि दोन्ही वाईट. हॉब्सनकडे एकच : देतोय ते घ्या, नाहीतर चालू लागा.

आणि हा हॉब्सन खराखुरा माणूस होता हो! टॉमस हॉब्सन, केंब्रिजचा. लंडनपर्यंत सामान वाहायचा आणि घोडे भाड्याने द्यायचा. विद्यार्थी यायचे ते नेमका उमदा घोडा हेरायचे आणि दामटून दामटून त्याच्या तोंडाला फेस आणायचे. तेच चार घोडे रोज मरणार, बाकीचे ठाणावर उभे. म्हणून याने नियम केला : दाराशी जो घोडा असेल तोच न्यायचा. परत आलेला रांगेच्या शेवटी, म्हणजे प्रत्येकाला विसावा. लोकांना यात आडमुठेपणा दिसतो, मला मुक्या जनावराची कणव दिसते. प्लेगमुळे लंडनच्या फेऱ्या बंद पडल्या आणि १६३१ साली तो वारला. तेव्हा केंब्रिजातच शिकणाऱ्या इंग्रज कवी मिल्टनने त्याच्यावर दोन कविता केल्या. सगळ्यांना जगवणाऱ्या विश्रांतीनेच याचा जीव घेतला, असं तो म्हणतो. घोड्यांची हकिगत १७१२ मध्ये लंडनच्या 'स्पेक्टेटर' या नियतकालिकाने छापली.

पेचासाठी इंग्रजीत आहे तो 'बिट्वीन द डेव्हिल अँड द डीप सी', म्हणजे इकडे सैतान, तिकडे खोल समुद्र. इथे काही जाणकार लगेच जहाजावर चढतात : 'डेव्हिल' म्हणजे म्हणे जहाजाच्या फळ्यांमधली डांबर भरायची सांध. मला हे साफ नामंजूर आहे. रॉबर्ट मनरो या स्कॉटिश सैनिकाने १६३७ च्या पुस्तकात हे शब्द वापरले, ते जमिनीवरच्या लढाईसाठी. शत्रूच्या तोफगोळ्यांबरोबर स्वतःच्या बाजूचे गोळेही त्याच्या तुकडीवर पडत होते. तिथे फळी कुठली आणि डांबर कुठलं? सैतान तो सैतानच. खलाश्यांच्या नावावर खपवलेल्या निम्म्या व्युत्पत्त्या मागाहून रचलेल्या आहेत, असं माझं ठाम मत आहे.

आपला 'आड'ही असाच गैरसमजात सापडलाय. शहरातल्या मुलांना तो 'आडवा'तला वाटतो. तो संस्कृत 'अवट'पासून आला, म्हणजे खड्डा, कूप. घराच्या परसातला अरुंद, खोल, पोहरा सोडायचा तो आड. विहीर मोठी, मोट चालणारी. म्हणजे म्हणीत दोन्हीकडे पाणीच आहे, पडलात तर बुडणार.

हो, तुमचा अर्ज. त्यात सैतान नको आणि समुद्रही नको. 'आय ॲम इन अ डायलेमा' एवढं लिहा आणि आईचं कारण लगेच पुढच्या वाक्यात.