थकलेली येणी आणि न उघडलेली पिशवी

प्रश्न : सांगली जिल्ह्यात माझा पुठ्ठ्याची खोकी तयार करण्याचा लहान कारखाना आहे. चार कामगार आहेत आणि हिशेब मीच पाहते. गेल्या तीन वर्षांत तीसएक ग्राहकांकडे मिळून सुमारे नऊ लाख रुपये अडकले आहेत. बिले आणि माल पोचवल्याची चलने एका पिशवीत साठली आहेत. वसुलीचे काम हाती घ्यायचे असे दर रविवारी ठरवते, पण पिशवी समोर आली की हात चालत नाही. सुरुवात कोठून करावी?

उत्तर : वसुली या एका शब्दाखाली आपण चार वेगवेगळी कामे एकत्र बांधून ठेवली आहेत. येणे मोजणे, ते ग्राहकाकडून मान्य करून घेणे, पैसे मागणे आणि न मिळाल्यास कायद्याचा आधार घेणे ही ती चार कामे होत. पहिल्याला शांत डोके लागते, तिसऱ्याला धिटाई लागते, आणि ही दोन्ही एकाच दिवशी स्वतःकडून मागितली की पिशवी उघडण्याआधीच ते तीस संभाव्य फोन डोळ्यांसमोर उभे राहतात. म्हणून माझी पहिली विनंती अशी की, मोजणी संपेपर्यंत कोणालाही फोन करू नये.

या रविवारी फक्त कागद वेगळे करावेत. प्रत्येक ग्राहकासाठी एक पाकीट, त्यावर नाव, आत त्याची बिले आणि चलने. रकमा वाचूही नयेत. पुढच्या बैठकीत एकच पाकीट घेऊन बिलाची तारीख, क्रमांक, रक्कम, बँकेच्या उताऱ्यावरून दिसणारी जमा आणि उरलेली बाकी एका पानावर मांडावी. चलनावर माल मिळाल्याची सही व शिक्का आहे की नाही, हेही त्याच पानावर लिहावे, कारण पुढे सगळा भार त्या शिक्क्यावर येतो.

पाकिटांचा क्रम रकमेवरून न लावता तारखेवरून लावावा. विकलेल्या मालाच्या पैशांसाठी दावा करण्याची मुदत १९६३ च्या मुदत कायद्याप्रमाणे साधारणपणे तीन वर्षांची असते. उधारीची मुदत ठरलेली नसेल तर ही तीन वर्षे माल दिल्याच्या तारखेपासून आणि ठरलेली असेल तर उधारीची मुदत संपल्यापासून मोजली जातात. आपली काही बिले या सीमेजवळ आली असतील. अठरा हजारांचे जुने बिल दीड लाखाच्या नव्या बिलाआधी हाती घेणे विचित्र वाटेल, पण उशिराने हातचे जाणार आहे ते जुनेच.

दुसरे काम पत्राचे आहे. ‘आमच्या वहीप्रमाणे आपल्याकडे इतकी बाकी दिसते, कृपया तपासून सही-शिक्क्यासह एक प्रत परत करावी,’ एवढाच मजकूर पुरेसा आहे. यात पैशाची मागणी नसल्यामुळे ते पाठवताना संकोच वाटत नाही आणि समोरचाही सहसा दुखावत नाही. मुदत संपण्याआधी ग्राहकाने अशी लेखी कबुली सही करून दिली, तर त्या तारखेपासून दाव्याची मुदत नव्याने मोजली जाते. लहान उद्योजकाच्या हाती याहून स्वस्त साधन नाही, तरी ते फार थोडे लोक वापरतात याची मला खंत वाटते.

मागणीचे फोन यानंतर करावेत, दिवसाला दोनच. मालकाशी बोलण्याआधी बिल मंजूर करणाऱ्या कारकुनाला गाठावे. पुष्कळदा ऑर्डरचा क्रमांक लिहिलेला नसतो किंवा चलनाची प्रत हरवलेली असते, एवढ्यावरच बिल अडून बसलेले असते. ‘कधी देता?’ या प्रश्नाला उत्तर म्हणून तारीख आणि रक्कम घ्यावी आणि ती त्याच पानावर टिपावी. जो ग्राहक अजून माल नेतो, त्याला एका जुन्या बिलाचे पैसे आल्यावर नवा माल देण्याची अट सौम्य शब्दांत सांगता येते.

कायद्याची पाळी दोन-तीन पाकिटांवरच येईल, असा माझा अंदाज आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार, लेखी करार नसेल तर माल स्वीकारल्यापासून १५ दिवसांत आणि करार असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे देणे खरेदीदारावर बंधनकारक आहे. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागते. माल पुरवण्याआधी आपली ‘उद्यम’ ही लहान उद्योगांची सरकारी नोंदणी झालेली असेल, तर सरकारी संकेतस्थळावरून सुविधा परिषदेकडे, म्हणजे याच कायद्याखाली थकलेल्या पैशांचे वाद पाहणाऱ्या मंडळाकडे, तक्रार नोंदवता येते. परिषद आधी समेट घडवून पाहते आणि तो न झाल्यास प्रकरण लवादाकडे जाते. ती पायरी चढण्यापूर्वी पान आणि चलने वकिलाला दाखवावीत. आणखी एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून, सूक्ष्म व लघु उत्पादकांना मुदतीत न दिलेली रक्कम खरेदीदाराला प्राप्तिकराच्या हिशेबात प्रत्यक्ष पैसे दिल्याच्या वर्षीच खर्चात धरता येते. त्यामुळे फेब्रुवारी-मार्चमध्ये, करहिशेब जुळवण्याच्या दिवसांत, आपल्या पत्राकडे एरवीपेक्षा अधिक लक्ष जाते.

या महिन्यापासून निघणाऱ्या प्रत्येक बिलावर मात्र पैसे देण्याची तारीख आणि उद्यम क्रमांक छापून घ्यावा, आणि गाडी माघारी येतानाच शिक्क्याचे चलन सोबत आणण्याची सूचना चालकाला द्यावी.