मेकाँगकाठी आईसोबत : बोट की ट्रेन?

प्रश्न : डिसेंबरात थायलंड करून पुढे लाओसमधल्या लुआंग प्रबांगला जायचंय, तिथे चार रात्री. सोबत आई, वय ६८, गुडघे कुरकुरतात. सगळे म्हणतात मेकाँगवरून स्लो बोटनेच जा, पण दोन दिवस बोटीत बसणं तिला झेपेल का? आणि आम्ही दोघी शाकाहारी आहोत.

उत्तर : बसणं झेपेल हो, चढणं-उतरणं अवघड जाईल. थाई बाजूच्या चियांग खाँगहून पूल ओलांडला की हुआय साय, तिथून सकाळी बोट सुटते, रात्री पाकबेंगला मुक्काम, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढंच, म्हणजे रोजचे सहा-सात तास. सीटा बहुतेक जुन्या गाड्यांमधून काढून बसवलेल्या, त्यावर माणूस मस्त पेंगतो. पण डिसेंबरात नदीचं पाणी उतरायला लागलेलं असतं, काठाचा चढ उघडा पडतो, आणि बोटीत जायला दोन वीत रुंदीची फळी, तीही हलणारी, धरायला काही नाही. मी पाठीवर सॅक घेऊन त्या फळीवर मधोमध थांबले होते आणि मागे वीस जणांची रांग, अजून आठवलं की घाम फुटतो. एक स्पीड बोटही असते, हेल्मेट घालून बसवतात, तिचं नाव पण काढू नका.

त्यापेक्षा लाओसची राजधानी व्हिएन्टिआन, तिथून ट्रेन घ्या. डिसेंबर २०२१ मध्ये सुरू झालेली चीनची रेल्वे आहे, दोनेक तासांत पोचवते. बोगदेच बोगदे, त्यामुळे बघायला फार काही मिळत नाही, पण आई ठणठणीत पोचेल. स्टेशन गावाबाहेर आहे, गाडी करावी लागते.

नदीची हौस मात्र भागवाच. पाक ऊ गुहांपर्यंत साधारण २५ किलोमीटर बोटीने जा, जाताना प्रवाहाविरुद्ध दोनेक तास, येताना झरझर. नाम ऊ नदी जिथे मेकाँगला मिळते तिथे समोरच्या कड्यात त्या गुहा, आत लोकांनी आणून ठेवलेल्या हजारो लहानमोठ्या बुद्धमूर्ती. पायऱ्या आणि फळी इथेही आहेच, पण सामान नसतं आणि घाई नसते. आईंनी खालची गुहा बघावी, वरचीला चढ खूप आहे. पहाटे नदीवर धुकं असतं आणि चांगलाच गारठा, स्वेटर हवाच.

जुनं गाव म्हणजे मेकाँग आणि नाम खान या दोन नद्यांच्या मधली जमिनीची जीभ, बरीचशी सपाट, चालत फिरा. टोकाजवळ १५६० च्या सुमाराचं वाट शिएंग थाँग मंदिर, छप्पर इतकं खाली उतरलेलं की हात पोचेल असं वाटतं. मागच्या भिंतीवर रंगीत काचेचं झाड आहे, ते न बघता परतू नका. फूसी टेकडीच्या ३२८ पायऱ्या सोडून द्या, सूर्यास्ताला वर मुंगीलाही जागा नसते. मेकाँगच्या काठावर खुर्ची टाकून बसलात तरी सूर्य समोरच मावळतो.

खाण्याचं जरा सांभाळून. कायपेन मागवा, नदीतल्या शेवाळाचा तीळ लावून वाळवलेला पापडच समजा, तळून देतात. फक्त त्यासोबतच्या जेओ बाँग चटणीला हात लावू नका, दिसते आपल्या ठेच्यासारखी पण त्यात म्हशीचं कातडं असतं. भाज्यांतही माशाचा सॉस पडतो, म्हणून ऑर्डर देतानाच ‘किन चे’ सांगा, म्हणजे प्राण्याचं काहीच नको.

प्रश्न : तिथल्या पहाटेच्या भिक्षाफेरीत पर्यटकांनी भात वाढावा का?

उत्तर : श्रद्धा असेल तर वाढा, फोटोसाठी नको. भिक्खू अनवाणी रांगेने येतात, वाढणारे खाली बसून चिकट भाताचा एकेक छोटा गोळा पात्रात टाकतात. खांदे-गुडघे झाकलेले हवेत, बायकांनी भिक्खूंना स्पर्श करायचा नाही. रस्त्यावर तुमच्या हातात भाताची टोपली कोंबणाऱ्यांकडून घेऊ नका, आदल्या दिवशी हॉटेलवाल्यांना सांगून ठेवा. नुसतं बघायचं असेल तर समोरच्या फुटपाथवर गप्प उभं राहा आणि फ्लॅश बंद. मी गेले त्या दिवशी एकाने एका लहानग्या भिक्खूच्या तोंडासमोर मोबाईल धरला होता, तो पोरगा बिचारा मान खाली घालून तसाच चालत राहिला.