आधी डमी कर, मग बोलू

अगं,

तुझा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला. सहा जणांचा ग्रुप, थीम 'तरुणाई', कॉलेजच्या पेपरसाठी काढायचा मॅगझिनचा अंक 32 पानांचा, सबमिशनला जेमतेम महिना, आणि आत्तापर्यंत झालंय काय तर कव्हर, तेही कॅनव्हा या डिझाइनच्या अ‍ॅपवर, चार ऑप्शन. आणि वर तू म्हणतेस की मॅम सगळं अंगावर आलंय, कुठून सुरू करू तेच कळत नाहीये. तू मेहनती आहेस, तुला लिहिता येतं वगैरे मी सांगत बसणार नाही, ते तुलाही माहितीये. कुठून सुरू करायचं तेवढं सांगते. डमीपासून, म्हणजे कुठल्या पानावर काय येणार ते दाखवणाऱ्या अंकाच्या कच्च्या नमुन्यापासून.

कव्हर बाजूला ठेव, लॅपटॉप बंद कर आणि आठ कोरे ए-फोर कागद घे. एकावर एक ठेवून मधोमध दुमड, झाली 32 पानं. अंक ए-फोर साइझचा असला तरी डमी अर्ध्या साइझचा चालतो. पेन्सिलीने 1 ते 32 नंबर टाक आणि मग सगळ्यात बाहेरचा कागद सुटा काढून बघ. एका बाजूला 32 आणि 1 शेजारी शेजारी, मागच्या बाजूला 2 आणि 31. त्याच्या आतला काढ, 30 आणि 3. कुठलाही कागद घे, शेजारच्या दोन पानांची बेरीज 33च येणार. सेंटर पिनच्या, म्हणजे मधोमध दुमडून घडीवर पिना मारलेल्या अंकाची पानं अशी जोडीने छापली जातात म्हणून पानसंख्या चारच्या पटीत लागते, आणि म्हणूनच आयत्या वेळी "मॅम, एकच पान वाढवू का" असं काही नसतं, वाढली तर चार वाढतात. शिवाय समोरासमोरच्या पानांमध्ये 16-17 ही एकच जोडी एका कागदावर सलग येते. दोन पानांवर पसरलेला मोठा फोटो असेल तर तो तिथे टाक. बाकी ठिकाणी त्याचे दोन तुकडे वेगवेगळ्या कागदांवर छापले जातात आणि मधली रेघ जरा जरी हलली की माणसाचं नाक एकीकडे आणि डोळा दुसरीकडे. कव्हर जाड कागदाचं वेगळं करणार असाल तर त्याची 4 पानं वेगळी धर, ते प्रेसवाल्याला आधी विचारून घे.

हे सगळं मी वर्गात फळ्यावर काढून दाखवलं होतं. फळ्यावर कळत नाही ते, कागद हातात घेतल्यावर कळतं, म्हणून मी डमी डमी करत असते.

आता पुढचं. प्रत्येक पानावर लिही की इथे काय, किती शब्द, फोटो कोण काढणार. "लेख" असं लिहायचं नाही, कोणाचा, कशावर, कोणाशी बोलून, ते लिहायचं. मी आत्ताच सांगते काय होईल, सातव्या-आठव्या पानापर्यंत तुमची तरुणाई संपेल. सोशल मीडिया आणि तरुणाई, करिअर आणि तरुणाई, ताणतणाव आणि तरुणाई, मग दोन कविता, मग प्राचार्यांचं मनोगत. तुला जे अंगावर आल्यासारखं वाटतंय ना, ते काम जास्त आहे म्हणून नाही वाटत, आत भरायला काहीच नाहीये हे तुला आतून कळलंय म्हणून वाटतंय. 'तरुणाई' हा विषयच नाही गं. डोंबिवलीत राहता तुम्ही, फडके रोड घ्या ना! दिवाळीच्या पहाटे अख्खं गाव नटूनथटून त्या रस्त्यावर उतरतं, तुम्ही सहाही जण दरवर्षी जाता, स्टोरी टाकता. गुढीपाडव्याची स्वागतयात्रा, जी आता गावोगावी निघते, ती 1999 मध्ये तुमच्या गणेश मंदिराच्या पुढाकाराने सुरू झाली. फुलवाले, ढोलपथकातल्या मुली, गर्दीला कंटाळून त्या दिवशी खिडकीच बंद करून बसणारे वरच्या मजल्यावरचे आजी-आजोबा, बंदोबस्तावरचा पोलीस. याची डमी लावून बघ, 32 पानं पुरणार नाहीत. आणि पुरत नाहीत तेव्हाच संपादन सुरू होतं, काय काढायचं याच्यावर तुमची भांडणं होतील ती होऊ देत.

पान कसं लावायचं हे डिझाइनवाल्याचं काम, आपण फक्त मजकूर द्यायचा, असं तुझ्या मेसेजमध्ये एक वाक्य आहे. ते मला अजिबात पटलेलं नाही. 6 जानेवारीला आपण पत्रकार दिन करतो तो ज्या 'दर्पण'मुळे, ते पहिलं मराठी वृत्तपत्र 1832 मध्ये बाळशास्त्री जांभेकरांनी काढलं तेव्हा पानावर दोन स्तंभ होते, एक मराठी, एक इंग्रजी. दोन वाचक समोर ठेवून केलेली ती रचना आहे. विशीच्या आसपासचा मुलगा होता तो, तुमच्याच वयाचा, आणि पान कसं दिसणार हा त्याच्यासाठी संपादकाचाच प्रश्न होता. मराठी पत्रकारितेची सुरुवातच अशी असताना आपण म्हणायचं की लेआउट डिझाइनवाला बघेल?

माझा हा हट्ट कुठून आला तेही सांगते. मी उमेदवारी केली एका साप्ताहिकात, नाव नको. तिथे मजकूर यायचा तसा पानं लावणाऱ्या ऑपरेटरकडे जायचा, डमी वगैरे कोणी करत नव्हतं, वेळ कोणाला आहे म्हणायचे. एकदा अंक प्रेसला जायच्या रात्री मालकांनी दोन पानं जाहिरात आणली आणि मजकुरातून दोन पानं काढा म्हणाले. कुठली, तर जी पटकन निघतील ती. गेली ती ऊसतोड कामगारांच्या मुलांवरची स्टोरी, बीडच्या एका पोरीने साखरशाळांमध्ये फिरून आणलेली. मी भांडले, पण माझ्या हातात दाखवायला काही नव्हतं, अंक एकसंध कसा दिसतो, हे पान काढलं की त्याच्या पुढचं-मागचं कसं लंगडं पडतं, हे तोंडी सांगून त्या वेळी कोणाला पटतं? त्या पोरीने पुढे लिहिणंच सोडलं. ती आठवण आली की अजून त्रास होतो. तिथून पुढे मी जिथे जिथे काम केलं तिथे डमीवर सगळ्यांच्या सह्या घेतल्याशिवाय मजकूर सोडला नाही, हेकेखोर म्हणून नाव पडलं, पडू दे. आता मला सांगतात की मॅम आता कोण कागदावर वाचतं. ठीक आहे, पण तुमचा परीक्षेचा पेपरच प्रिंट मॅगझिनचा आहे, आणि फोनवर वाचायचा अंक असता तरी आधी काय, नंतर काय, कशाला किती जागा, हे कोणीतरी ठरवायलाच लागतं. मी चुकतेय असं मला आजही वाटत नाही.

तुझ्या बेस्ट फ्रेंडची ती मुक्तछंदातली कविता आहे ना, जी घ्यायची नाहीये पण नाही म्हणता येत नाहीये, त्यालाही उपाय डमीच. तिला समोर बसव आणि म्हण, दाखव कुठल्या पानावर लावू आणि त्यासाठी काय काढू. तिलाच कळेल. नाही कळलं तर तू संपादक आहेस, नाही म्हण.

टेक्निकल गोष्टी भराभर सांगते. सगळ्यांना युनिकोडमध्येच टाइप करायला सांग, एकाने श्रीलिपीच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये दिलं की पेस्ट केल्यावर नुसता कचरा दिसतो. इनडिझाइन या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर, म्हणजे देवनागरीसारख्या लिप्या नीट जुळवणारं सेटिंग, लावलेलं आहे का बघ, नाहीतर ऱ्हस्व वेलांट्या आणि रफार भलतीकडे जाऊन बसतात. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर घ्यायचेच असतील तर डॉक्युमेंट म्हणून मागव, छापायच्या साइझला 300 डीपीआय, म्हणजे इंचाला 300 ठिपके, हवेत. मजकुराचा काळा रंग फक्त काळ्या शाईचा ठेव, चार रंगांचं मिश्रण झालं की बारीक अक्षर फाटल्यासारखं दिसतं. कडेपर्यंत जाणारा फोटो चारी बाजूंनी 3 मिलिमीटर बाहेर काढ, कापताना लागतात. या चुका दुरुस्त होतात गं. आत काय घ्यायचं हे न ठरवता पळत सुटलेला अंक दुरुस्त होत नाही.

शनिवारी दुपारी मी घरी आहे. पेन्सिलीने भरलेला डमी घेऊन ये, निम्मा भरलेला असला तरी चालेल, खाडाखोड जितकी जास्त तितकं मला बरं वाटेल. ग्रुपमधले सगळे येणार असतील तर आदल्या दिवशी कळव, जेवूनच जा. आणि येताना फडके रोडवरून ये आणि कुठल्या तरी एका दुकानदाराशी नीट दहा मिनिटं बोल, त्याचं दुकान कधीपासून आहे ते विचार, कारण पान 5 अजून रिकामं असणार आहे.

तुझी,
मॅम