एका तासाच्या सेमिनारसाठी रात्रीची एसटी

देवगड तालुक्यातल्या एका आंबा बागायतदारांचं पत्र आलं आहे. मुलगी रत्नागिरीला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला, विषय संख्याशास्त्र. विद्यापीठांच्या विभागांत संशोधनावर व्याख्यानं, म्हणजे सेमिनार होतात, ती मोबाईलवर ऐकते. गेल्या महिन्यात तर रात्रीच्या एसटीने पुण्याला जाऊन एक ऐकून आली. वडील लिहितात, "काय शिकलीस विचारलं तर म्हणते, पुराच्या अंदाजावर होतं, अर्धं डोक्यावरून गेलं. प्रश्न विचारायचा होता, पण इंग्रजीत धीर झाला नाही. सर्टिफिकेट नाही, काही नाही. आता एम.एस्सी. म्हणते. मी म्हणतो बी.एड. कर. मी स्वतः दहावी, पण २२ वर्षं बागेची वही लिहितोय, आकडे मलाही कळतात. यात पोट भरेल का, तेवढं सांगा."

अर्धं डोक्यावरून गेलं, म्हणजे अर्धं कळलं की हो! माझ्या पहिल्या सेमिनारला मी मागच्या बाकावर बसलो होतो. दुसऱ्याच स्लाइडवर सिग्मा या ग्रीक चिन्हाची रांग लागली आणि त्यानंतरचं मला फक्त बाहेरच्या चहाचा वास येत होता एवढंच आठवतं. पुढे कळलं की मधली वीस-पंचवीस मिनिटं त्याच विभागातल्या निम्म्या प्राध्यापकांनाही जड जातात. ती त्या विषयात बुडालेल्या दोन-चार जणांसाठीच असतात. बाकीच्यांनी पहिली दहा मिनिटं कान देऊन ऐकायची, कारण तिथे प्रश्न कुठून आला आणि आकडे कुठून आणले ते सांगतात. आणि शेवटची प्रश्नोत्तरं सोडायची नाहीत.

पुराचंच घ्या. चिपळूण २६ जुलै २००५ ला बुडालं, २२ जुलै २०२१ ला पुन्हा. अशा वेळी 'शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर' हा शब्द कानावर पडतो आणि आपण समजतो, आता शंभर वर्षं निवांत. संख्याशास्त्रात त्याचा अर्थ वेगळा आहे: दर वर्षी तो येण्याची शक्यता १ टक्का. मग ३० वर्षांच्या गृहकर्जाच्या काळात एकदा तरी येण्याची शक्यता किती? एका वर्षी न येण्याची ०.९९, तिचा तीस वेळा गुणाकार केला की ०.७४ उरतात. म्हणजे जवळजवळ २६ टक्के. चारातलं एक घर! यात दोन गोष्टी गृहीत धरल्या आहेत. एका वर्षाचा दुसऱ्या वर्षाशी संबंध नाही, आणि पावसाची तऱ्हा तीस वर्षं बदलत नाही. पाऊस बदलतोय हे तुम्हाला मी सांगायला नको. 'तऱ्हा बदलली तर हा आकडा कसा काढायचा' यावर खरंच संशोधन चालू आहे. मुलीचा न विचारलेला प्रश्न याच्या आसपासचा असेल, तर तिला सांगा, पुढच्या वेळी चहाच्या वेळी वक्त्याला गाठ आणि मराठीत विचार. मराठी येणारा एखादा प्राध्यापक शेजारी असतोच. भाषेवरून कुणी रागावल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

आता तुमच्या अंगणातलं. फळपीक विम्याचा अनुभव तुम्हाला असणार. तुमच्या कलमांवर अवकाळी पडतो, मोहोर काळा पडतो, पण महसूल मंडळाच्या हवामान केंद्रावर पाऊस प्रमाणकाइतका नोंदला गेला नाही तर भरपाई नाही. उलटही होतं: बाग कोरडी आणि पैसे खात्यात. आपण कंपनीला शिव्या घालतो आणि विषय संपतो. पण यात एक सरळ गणित दडलेलं आहे. केंद्रापासून बाग जितकी लांब, मध्ये डोंगर किंवा खाडी, तितकी दोन ठिकाणच्या पावसाची साथ सुटत जाते. ती किती किलोमीटरला किती सुटते, हे नोंदींवरून मोजता येतं. मग 'केंद्र कोरडं असताना बागेत नुकसानीइतका पाऊस पडला' याची शक्यता मांडता येते, आणि केंद्रं किती दाट हवीत हेही सांगता येतं. संभाव्यतेचं मॉडेल म्हणतात ते हेच. यावर बोलणारा माणूस पुण्या-मुंबईचा असेल, पण मोहोर काळा पडलेला त्याने पाहिलेला असेलच असं नाही. तुमच्या मुलीने पाहिला आहे.

पोटाचं विचारलंत, तर सेमिनार ऐकून नोकरी लागत नाही, हे तुमचं बरोबर. नोकरीसाठी परीक्षा आणि संगणक दोन्ही लागतात. तिने आत्तापासून 'आर' किंवा 'पायथन' ही आकडेमोडीला लागणारी संगणकाची भाषा हातात बसवावी, दोन्ही फुकट मिळतात. आयआयटीतल्या एम.एस्सी.साठी 'जॅम' परीक्षेत गणितीय संख्याशास्त्राचा वेगळा पेपर असतो, फेब्रुवारीत. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३१ मध्ये कोलकात्यात उभी केलेली भारतीय संख्याशास्त्र संस्था एम.स्टॅट.साठी, म्हणजे संख्याशास्त्रातल्या पदव्युत्तर पदवीसाठी, स्वतःची प्रवेश परीक्षा घेते, सहसा मे महिन्यात. ऐन पेट्या भरायच्या दिवसांत, त्याला इलाज नाही. यूपीएससीची भारतीय सांख्यिकी सेवा परीक्षा संख्याशास्त्र घेऊन झालेल्या पदवीवरही देता येते. विम्याच्या गणिताची, म्हणजे ॲक्च्युअरीची वाट लांब आणि चिवट आहे, पण आहे. बी.एड. एम.एस्सी.नंतरही करता येईल. आत्ता तिकडे वळवलीत तर मात्र संख्याशास्त्राची सवय तुटेल, म्हणून माझं मत एम.एस्सी. आधी. एक अट घाला: पुढच्या सहा महिन्यांत तिने एक तरी छोटं काम आकड्यांवर स्वतः करून दाखवावं.

आकडे कुठून आणायचे, हा प्रश्न तुमच्या घरात सुटलेला आहे. २२ वर्षांच्या वह्या. मोहोर कधी आला, फवारणी कधी, अवकाळी कुठल्या दिवशी, पेट्या किती, वाशीच्या बाजारातली विक्रीची पट्टी किती. मूळ वह्या एसटीतून पाठवू नका, पानांचे फोटो काढू द्या तिला. आणि ती उतरवून घ्यायला बसली की संध्याकाळी तुम्हीही शेजारी बसा. 'थोडा पाऊस' असं तुम्ही जिथे जिथे लिहिलंय, तिथे थोडा म्हणजे किती, हे दुसऱ्या कुणाला सांगता येणार नाही.