मुंबई ते लंडन, १८३८: पत्रावरच्या दोन चिरा आणि तो फ्रेंच शिक्का

मुंबईहून लंडनला गेलेल्या तुमच्या या पत्रावरचा शिक्का कुठला आणि चिरा कुठे पडल्या असं विचारलंत, म्हणून तुमचे फोटो झूम करून नीट बघितले. लिफाफा नाही, कागदच घडी घालून लाखेने बंद केलेला, आरपार दोन चिरा, आणि फ्रेंच शिक्का, त्यात 'प्युरिफिए ओ लाझारे' (क्वारंटाइनच्या जागेत शुद्ध केलेलं) एवढं वाचता येतं, पुढे एम, ए आणि मग सगळं पुसट. डीलर म्हणतोय मार्सेलिस या फ्रेंच बंदराचा, कारण शिक्का फ्रेंच आहे आणि कोपऱ्यात शाईने 'मार्सेलिस मार्गे' लिहिलंय. (मार्सेलिस म्हटलं की आपल्या नाशिककरांना भगूर आणि ती उडी आठवणारच, पण इथे ते नाव बाजूला ठेवा.) माझ्या मते हा भूमध्य समुद्रातल्या माल्टा बेटाचा आहे.

शिक्क्याच्या भाषेवरून गाव ठरवायचं नाही, यातच बरेच लोक फसतात. माल्टा तेव्हा इंग्रजांकडे होतं हे खरं, पण १८३७ पासून मार्सेलिसहून पूर्वेकडे जाणाऱ्या फ्रेंच टपाल बोटी माल्टाला थांबायच्या आणि तिथल्या लाझारेटोत, म्हणजे क्वारंटाइनच्या जागेत, फ्रेंच शिक्का वापरात होता, 'प्युरिफिए ओ लाझारे माल्ट'. ट्रिएस्टचंही तसंच, बंदर ऑस्ट्रियाचं पण तिथे इटालियन चालायची, त्यामुळे इटालियन शिक्का दिसला की इटली असं लिहून मोकळं होऊ नका. आणि 'मार्सेलिस मार्गे' हा पत्र पाठवणाऱ्याने लिहिलेला रस्ता आहे, चिरा कुठे पडल्या ते त्यावरून कळत नाही.

आता पुसट अक्षरं. माल्ट आणि मार्सेलिस दोन्ही फ्रेंचमध्ये एम-ए नेच सुरू होतात, म्हणजे सगळी मदार तिसऱ्या अक्षरावर. खोलीत अंधार करा, टॉर्च कागदाच्या कडेला अगदी आडवा धरा आणि लूपने, म्हणजे छोट्या भिंगाने, बघा, एल असेल तर खाली आडवी रेघ सापडेल, आर असेल तर वरच्या अर्ध्या भागात गोलाई. तुमच्या तिसऱ्या फोटोत मला खालच्या बाजूला शाईचा छोटा आडवा पट्टा दिसतोय, वर काहीच नाही.

चिरा का मारायच्या तर पत्र न फोडता धूर आत जावा म्हणून. गंधक वगैरे जाळून त्या धुरावर पत्रं धरायची, काही ठिकाणी व्हिनेगर शिंपडायचे. मुंबईहून बोटीने सुएझ (ह्यू लिंडसे ही आगबोट १८३० मध्ये या रस्त्याने पहिल्यांदा गेली), तिथून वाळवंटातून अलेक्झांड्रिया, मग भूमध्य समुद्र, आणि १८३५ च्या सुमाराला इजिप्तमध्ये प्लेगने कहर केलेला, त्यामुळे अलेक्झांड्रियावरून आलेली प्रत्येक पिशवी संशयित. पत्रामुळे प्लेग पसरतो ही भीतीच होती, पिसवांची भूमिका सिमों या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये कराचीत दाखवली तेव्हा कुठे कळलं, पण तोवर बिचाऱ्या पत्रांचे हाल झालेच.

चिरा खऱ्या का हे मात्र आधी तपासा, शिक्क्याआधी. पत्र मूळ घड्यांवर हलक्या हाताने परत मिटा, जबरदस्ती नको, घडीवर कागद तुटत असेल तर सोडून द्या. मिटल्यावर सगळ्या थरांतल्या चिरा एकावर एक आल्या पाहिजेत, कारण छिन्नीसारखं पातं बंद पत्रातून एका दमात आरपार गेलेलं असतं. एखाद्या थरात चीर नाही किंवा बाजूला सरकलीय, तर ती नंतर कोणीतरी मारलेली, आणि चिरा असल्या की भाव वाढतो म्हणून असे उद्योग होतात. दुसरं म्हणजे लंडनचा पोचल्याचा शिक्का चिरेवरून गेला असेल तर तिथे शाई कापलेल्या कडेच्या तंतूंत उतरलेली दिसते, म्हणजे चीर आधीची. हा पुरावा मिळाला तर मला फार आनंद होईल, असा सहसा मिळत नाही.

जुन्या दफ्तरातल्या कागदांशी गल्लत करू नका. तारेत ओवलेल्या कागदाला गोल भोक असतं, कसरीने खाल्लेल्याची कड वेडीवाकडी, नागमोडी. ऑस्ट्रियाकडच्या काही पत्रांवर खिळ्यांच्या फळीने टोचलेल्या भोकांच्या रांगा असतात, तुमच्याकडे तसं काहीच नाही. धुराच्या पिवळट तपकिरी डागात मध्येच स्वच्छ पट्टा राहिला असेल तर तिथे चिमट्याने धरलेलं असू शकतं, मागच्या बाजूला नक्की बघा.

फ्रान्समधल्या वाटेवरच्या गावांचे शिक्के आहेत का तेही बघा, बंद थैलीतून टपाल फ्रान्समधून न्यायची सोय १८३९ मध्ये झाली, तुमचं पत्र त्याआधीचं.

आणि कृपा करून चिरांवर सेलोटेप लावू नका, इस्त्री नको, लॅमिनेशन तर मुळीच नको, डाग काढायच्या भानगडीतही पडू नका, तो डाग हाच पुरावा आहे. आधी मिटलेल्या पत्राचे दोन्ही बाजूंचे आणि त्या तिसऱ्या अक्षराचे आडव्या उजेडातले फोटो टाका. नाशिकरोडला येणं झालं तर पत्र घेऊन या, माझ्याकडे चांगला लूप आहे, समोर बसून बघू. तोवर अल्बममध्ये पेन्सिलने 'माल्टा?' एवढंच लिहून ठेवा, प्रश्नचिन्हासकट.