अठरा जुन्या पंख्यांसाठी मुदत ठेव मोडावी का?

आदरणीय सर, सप्रेम नमस्कार.

आपले पत्र आणि सोबतची छायाचित्रे मिळाली. अमळनेरच्या एका जुन्या वाड्यातले अठरा छताचे पंखे मध्यस्थामार्फत अडीच लाखांना मिळत आहेत, ते सर्व स्वातंत्र्यापूर्वीचे असून पाच वर्षांत त्यांची किंमत दुप्पट होईल असे तो सांगतो, आणि महिनाअखेरपर्यंत व्यवहार करायचा तर चार लाखांची मुदत ठेव मोडावी लागेल, असे आपण कळवले आहे. माझे मत आधीच सांगतो: ठेव मोडू नये, अठराही पंखे घेऊ नयेत, निवडून तीन मात्र जरूर घ्यावेत.

आधी हिशेब पाहू. भुसावळच्या मिस्त्रीने दुरुस्तीचा खर्च प्रत्येकी 1,500 रुपये सांगितला आहे, म्हणजे एकूण गुंतवणूक 2,77,000 रुपये होते. हीच रक्कम ठेवीत तिमाही चक्रवाढीने 7 टक्क्यांवर पाच वर्षे राहिली तर सुमारे 3,92,000 रुपये होते. तेवढे हाती यायचे असेल तर प्रत्येक पंखा वाहतूक आणि दलाली वजा जाता सरासरी 21,800 रुपयांना विकला गेला पाहिजे. अठरांपैकी सहाच चांगल्या भावाने गेले आणि उरलेल्या बारांना बीड (ओतीव लोखंड) व तांब्याच्या मोडीचा भाव आला, तर ही सरासरी गाठणे जवळजवळ अशक्य आहे. शिवाय मुदतीपूर्वी ठेव मोडली की ती जितके दिवस राहिली तेवढ्याच मुदतीचा दर लागतो आणि त्यातूनही बहुतेक बँका अर्धा ते एक टक्का कापतात. जळगावच्या सराफ बाजारात सोने नेले तर त्याच दिवशी पैसे हातात येतात. जुन्या पंख्याला मात्र जाणकार गिऱ्हाईक शोधावे लागते, ते बहुधा मुंबई-पुण्याकडेच भेटते, आणि एवढा जड माल पाती न वाकता तिथपर्यंत पोहोचवणे हेही सोपे काम नाही.

आता छायाचित्रांविषयी, कारण खरी किंमत ओळखीत आहे. तिसऱ्या छायाचित्रातल्या कोलकात्याच्या पंख्याच्या नामपट्टीवर आयएसआयची खूण स्पष्ट दिसते. भारतीय मानक संस्था 1947 साली स्थापन झाली आणि खूण देण्याचा कायदा 1952 चा आहे. त्यामुळे हा पंखा स्वातंत्र्यापूर्वीचा असणे शक्य नाही. त्याच पट्टीवर पात्यांचा फेर 1400 मिलिमीटर असा छापला आहे. मेट्रिक मापांचा कायदा 1956 चा असून जुन्या पट्ट्यांवर हे माप 56 इंच असे असते. एका पंख्याबाबत दावा असा खोटा ठरला की बाकीच्या सतरांबाबतही मध्यस्थाच्या शब्दावर विसंबता येत नाही.

सातवा पंखा मात्र मला मोलाचा वाटतो. त्याची पट्टी पितळी आहे, तिच्यावर डीसी (एकाच दिशेने वाहणारी वीज) आणि 220 व्होल्ट असे कोरलेले आहे, आणि ती मूळ रिबिटांनीच बसवलेली दिसते. रिबिटांच्या जागी स्क्रू असते तर पट्टी दुसऱ्या पंख्याची असल्याचा संशय घ्यावा लागला असता. डीसी पंख्यात कार्बन ब्रश आणि कम्युटेटर (ब्रशमधून येणारी वीज फिरत्या गुंडाळ्यांना देणारा तांब्याचा भाग) असतो. तो आजच्या एसी पुरवठ्यावर थेट लावू नये, जाणत्या माणसाकडून रेक्टिफायर, म्हणजे एसीची डीसी करणारे उपकरण, बसवून घ्यावा. हा पंखा प्रत्यक्ष पाहताना छताजवळची वाटी खाली सरकवून आतला मूळ रंग तपासा, पाती एकाच संचातली आहेत का ते पाहा, आणि वाइंडिंग (मोटरमधली तारेची गुंडाळी) तांब्याचेच आहे का, की रिवाइंडिंग करताना कोणी अॅल्युमिनियम भरले आहे, हे मिस्त्रीकडून खात्री करून घ्या.

अकराव्या पंख्याच्या अंगावर रेल्वेची अक्षरे ठोकलेली आहेत. आपण भुसावळचे असल्याने याचे गांभीर्य आपल्याला सांगायला नको. रेल्वे मालमत्तेच्या बेकायदेशीर ताब्याविरुद्ध 1966 चा स्वतंत्र कायदा आहे. रेल्वेच्या लिलावाची पावती विक्रेत्याने दाखवली नाही तर तो पंखा फुकट मिळाला तरी घरात आणू नये.

ते पंखे घरी वापरायचाही आपला विचार आहे. खानदेशातल्या उन्हाळ्यात पंखा दिवसरात्र फिरतो. जुना 80 वॅटचा पंखा रोज 12 तास, वर्षातले 240 दिवस चालला तर 30 वॅटच्या नव्या बीएलडीसी (ब्रश नसलेल्या, कमी वीज खाणाऱ्या मोटरच्या) पंख्यापेक्षा सुमारे 144 युनिट जास्त खातो. युनिटला 10 रुपये धरले तर एका पंख्यामागे वर्षाला 1,440 रुपये जातात. एक-दोन पंख्यांसाठी आनंदाने सोसावा असाच हा खर्च आहे.

ठेव मोडू नये याचे सर्वांत मोठे कारण आपल्याच पत्रात आहे: ठेवीतली रक्कम वहिनींच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी राखलेली आहे. त्या पैशाला हात लावून घेतलेली कोणतीही वस्तू मला महागच वाटेल. आपल्या बचत खात्यात 90,000 रुपये आहेत आणि पेन्शनमधून महिन्याला 8,000 रुपये शिल्लक राहतात. विक्रेत्याच्याच सरासरी भावाने, म्हणजे सुमारे 13,900 रुपयांनी, सातवा धरून तीन पंखे आणि त्यांची दुरुस्ती मिळून 46,200 रुपये होतात. ते आता बचत खात्यातून द्यावेत आणि पुढच्या सहा महिन्यांच्या शिल्लकेतून भरून काढावेत. या रकमेकडे गुंतवणूक म्हणून पाहू नये. चाळीस वर्षे मुलांना भौतिकशास्त्र शिकवलेल्या माणसाने निवृत्तीनंतर जुनी मोटर उघडून पाहण्यासाठी इतका खर्च करणे मला पूर्णपणे योग्य वाटते.

पुढे कधी विकायचे ठरले आणि तो पंखा भांडवली मालमत्ता धरला गेला, तर सध्याच्या नियमांप्रमाणे 24 महिन्यांनंतरच्या नफ्यावर 12.5 टक्के कर लागतो. वारंवार खरेदी-विक्री केल्यास मात्र ते व्यवसायाचे उत्पन्न ठरते. शंभर वर्षांहून जुनी वस्तू 1972 च्या पुरावस्तू कायद्याच्या कक्षेत येऊ शकते, तेव्हा परदेशातल्या गिऱ्हाइकाला पंखा पाठवण्याचे आश्वासन कोणालाही देऊ नका.

मध्यस्थाने पूर्ण रक्कम रोख मागितली आहे, हे मला खटकले. एका व्यवहारात 2 लाख किंवा त्याहून अधिक रोख स्वीकारण्यास आयकर कायद्याने मनाई आहे. तीन पंख्यांचे पैसेही बँकेतूनच द्या आणि पावतीवर प्रत्येक पंख्याच्या नामपट्टीवरचा क्रमांक लिहून घ्या. सुटे पंखे द्यायला तो तयार नसेल, तर हा व्यवहार सोडून द्यावा.