एप्रिलच्या बर्फात घरी अडकणार असाल तर आधी घर गरम करणाऱ्या फर्नेसचे पाइप शोधून ठेवा

तुम्ही लिहिलंय की अमेरिकेत, कोलोरॅडोतल्या डेन्व्हरला येऊन सहाच महिने झालेत, घरात आठ महिन्यांचं बाळ आहे, नाशिकहून सासू-सासरे आलेत. काल बाहेर २३ अंश होतं, अंगणातलं क्रॅबअ‍ॅपलचं (छोट्या आंबट सफरचंदांचं) झाड फुललंय, आणि उद्या रात्रीपासून दीड फूट बर्फाचा इशारा आहे. ऑफिसातले लोक म्हणतात, एप्रिलचा बर्फ दोन दिवसांत वितळतो. मग काळजी करायची का?

वितळतो, हे खरं आहे. पण ते दोन दिवस जानेवारीतल्या दोन दिवसांसारखे नसतात. जानेवारीचा बर्फ रव्यासारखा भुरभुरीत असतो, झाडूनेही लोटता येतो. एप्रिलचा बर्फ सैल भिजवलेल्या कणकेसारखा फावड्याला चिकटतो. फूटभर ओल्या बर्फात साधारण दीड इंच पाणी असतं, म्हणजे एका चौरस मीटरवर ३८ किलोंच्या आसपास वजन. तुमच्या झाडांवर, विजेच्या तारांवर, डेकवर आणि फावडं मारणाऱ्याच्या छातीवर हे ओझं येणार आहे.

असा ओला बर्फ का पडतो, ते आपल्याला इथल्या लोकांपेक्षा लवकर समजेल. पावसाळी वारे सह्याद्रीला अडतात, वर चढतात आणि घाटमाथ्यावर पाऊस कोसळतो. इथे वसंतात कोलोरॅडोच्या आग्नेय भागात कमी दाबाचा पट्टा येऊन बसला की मेक्सिकोच्या आखातावरची दमट हवा पूर्वेकडून येऊन रॉकी पर्वताला भिडते. घाट तोच, फक्त इथे हवा गार असल्याने पावसाऐवजी बर्फ पडतो.

आम्ही इथे २००२ मध्ये आलो. पुढच्याच वर्षी, १७ ते १९ मार्चला, डेन्व्हरला ३१.८ इंच बर्फ पडला. १९१३ च्या डिसेंबरनंतरचं शहराचं सगळ्यात मोठं वादळ ते. विमानतळाच्या तंबूसारख्या पांढऱ्या छताचा एक भाग त्या वजनाने फाटला होता. आमची मुलगी तेव्हा दोन वर्षांची. दुसऱ्या रात्री फर्नेस बंद पडला. वीज होती, दिवे लागत होते, पण गरम हवा येईना. पहाटेपर्यंत घर १४ अंशांवर आलं. दुरुस्तीवाल्यांना फोन केला तर रस्तेच बंद, परवा बघू म्हणाले. मुलीला दोन स्वेटर आणि आईने दिलेली गोधडी गुंडाळून आम्ही तिघं एका पलंगावर बसून राहिलो.

सकाळी शेजारचे आजोबा कमरेएवढ्या बर्फातून वाट काढत विचारपूस करायला आले. सगळं ऐकलं आणि घरात न शिरता सरळ घराच्या बाजूला गेले. वाऱ्याने तिथे खिडकीपर्यंत ढीग लावला होता. त्यांनी आधी फावड्याने आणि मग हातमोजे घातलेल्या हातांनी उकरलं. भिंतीतून मनगटाएवढे जाड दोन पांढरे प्लॅस्टिकचे पाइप बाहेर आलेले होते आणि एकाच्या तोंडात बर्फाचं बूच बसलं होतं. बोटांनी ते काढलं आणि थोड्या वेळात फर्नेस सुरू झाला. तोवर हे पाइप आपल्या घराला आहेत, हेच मला माहीत नव्हतं.

एक पाइप हवा आत घेतो, दुसरा जळलेला वायू बाहेर टाकतो. तोंड बुजलं की नवे फर्नेस स्वतःहून बंद होतात. जुन्या उपकरणांचा भरवसा नसतो. बाहेर जायचा कार्बन मोनॉक्साइड घरात साठू शकतो, आणि त्याला वास नाही, रंग नाही. म्हणून झोपायच्या खोल्यांजवळच्या अलार्मचं बटण आजच दाबून बघा. तो वाजला तर बाळाला उचलून सगळे बाहेर पडा, मग ९११ या आणीबाणीच्या नंबरला फोन करा. गॅरेजमध्ये गाडी चालू ठेवून बसू नका. वीज गेली तर गॅसचा फर्नेसही थांबतो, कारण पंखा विजेवर चालतो. अशा वेळी ऊब मिळावी म्हणून घरात कोळशाची शेगडी पेटवायची नाही. सासूबाईंना हे आधीच नीट समजावून सांगा, त्या प्रेमापोटीच सुचवतील.

सासऱ्यांबद्दल मी जरा आग्रहाने सांगते. घरात बसून कंटाळले की वडीलधारी माणसं फावडं हातात घेतातच. घेऊ देऊ नका. डेन्व्हरची उंची १६०० मीटर, हवा गार आणि विरळ, त्यात ओल्या बर्फाचं एकेक फावडं पाच-सात किलोंचं. हृदयावर एकदम ताण येतो. तुम्हीसुद्धा बर्फ थांबायची वाट न पाहता चार-चार इंचांना एकदा थोडं थोडं लोटा, उचलण्यापेक्षा ढकला. डेन्व्हरमध्ये फुटपाथ साफ करायला घरमालकाला बर्फ थांबल्यापासून २४ तास असतात, घाई नाही.

क्रॅबअ‍ॅपलला पानं-फुलं आहेत, म्हणजे बर्फ धरायला जागा जास्त. लांब दांड्याच्या झाडूने फांद्या खालून हलकेच वर उचलून झटका, वरून बडवू नका. मोठ्या झाडांखाली मात्र उभं राहू नका. रात्री फांद्या मोडण्याचा आवाज बंदुकीच्या बारासारखा येतो, बाळ दचकेल. गाडी झाडाखाली असेल तर आज हलवा.

स्वयंपाकाचं फार सांगायला नको. वीज जायच्या आत भात-वरण करून ठेवा, भाजणी, मेतकूट, पोहे घरात असू द्या. बाळाचं दूध आणि औषधं तीन दिवसांची. फोन आणि बॅटऱ्या चार्ज करून ठेवा. चैत्राचं हळदीकुंकू पुढे ढकलावं लागेल म्हणून सासूबाई हळहळत असतील, तर आणलेली कैरी घरच्यांसाठीच किसा. आमच्याकडे एका एप्रिलमध्ये खिडकीबाहेर बर्फ आणि आत कैरीची डाळ अशी दुपार गेली होती. माझी आई अजून फोनवर त्या दुपारची आठवण काढते.

ऊन पडलं की भराभर वितळायला लागेल. तेव्हा बेसमेंटच्या खिडक्यांसमोरचे खड्डे आणि छताच्या पन्हळीची खालची तोंडं मोकळी करा, नाहीतर पाणी आत येतं. रात्री तेच पाणी पायऱ्यांवर गोठतं, म्हणून संध्याकाळी मीठ टाका.

आणि आज उजेड आहे तोवर घराभोवती एक चक्कर मारा. पाइप सापडले की शेजारी एक उंच काठी रोवून ठेवा, म्हणजे रात्री अंदाजाने उकरावं लागणार नाही. सापडले नाहीत तर बाजूच्या भिंतींचे फोटो इथे टाका, मी आज रात्री जागी आहे.